घाटातल्या गाड्यांचे फोटो : गाडी दिसते, चढ का दिसत नाही?

रुळावरची

पाऊस ओसरायला लागला की इथे बोरघाटाच्या फोटोंची रांग लागते. हिरवा डोंगर, मागे धबधबा, बोगद्यातून बाहेर येणारं इंजिन. फोटो सुंदर असतात, वाद नाही. पण त्यातले निम्मे फोटो दुसऱ्या कुठल्याही डोंगरातले म्हणून खपतील. बोरघाटाचा जो मूळ मुद्दा, म्हणजे चढ, तोच फोटोत नसतो.

आधी थोडं गणित. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. सगळ्यात तीव्र चढ १ : ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आता २४ डब्यांची एलएचबी (नव्या बनावटीच्या डब्यांची) गाडी घ्या. एक डबा सुमारे २४ मीटरचा. अख्खी गाडी या चढावर असेल तेव्हा पहिला डबा शेवटच्या डब्यापेक्षा पंधरा मीटरहून जास्त उंचावर असतो. पाच मजली इमारतीएवढा फरक! आणि आपल्या फोटोत गाडी टेबलावर ठेवल्यासारखी सपाट.

असं का होतं? एक म्हणजे १ : ३७ हा कोनाच्या भाषेत फक्त दीड अंशाच्या किंचित वर आहे. हातातला कॅमेरा तेवढा तर नकळतच तिरका होतो. दुसरं म्हणजे फोन आणि एडिटिंगची ॲप्स 'फोटो सरळ करू का?' म्हणत रूळ आडवे करून टाकतात आणि खांब कलंडवतात. तुम्ही हो म्हणालात की घाट संपला.

म्हणून माझं पहिलं सांगणं: रूळ बघून कॅमेरा सरळ करू नका, ओळंब्यात असलेली वस्तू बघून करा. बोगद्याच्या तोंडाची कड चालेल, ओव्हरहेड वायरचे खांब चालतील (वळणावरचे सोडून), आणि पावसाळ्यात तर धबधब्यासारखा ओळंबा दुसरा नाही. पाणी खोटं बोलत नाही. कॅमेऱ्यातली लेव्हलची रेघ कायम चालू ठेवा.

दुसरं: शेपूट सोडू नका. इंजिन पुढे गेलं की लोक कॅमेरा खाली करतात. बोरघाटात चढणाऱ्या गाडीचं अर्धं नाट्य तर शेवटच्या डब्यामागे असतं. कर्जतला लागलेले दोन-तीन बँकर, म्हणजे चढापुरती जोडलेली जादा इंजिनं, मागून ढकलत असतात. शेवटचा डबा आणि त्याला चिकटलेलं बँकरचं नाक या एका फ्रेममध्ये घाट जेवढा कळतो, तेवढा पुढच्या इंजिनाच्या दहा फोटोंत कळत नाही.

तुमचे फोटो टाका, मतभेद असतील तर तेही टाका.

प्लॅटफॉर्म_तिकीट

मस्त धागा ताई. बेसिक प्रश्न आहे, हसू नका. बँकर मागेच का लावतात? सगळी इंजिनं पुढे जोडली तर फोटो पण भारी येईल ना?

खेकडा

हसण्यासारखं काही नाही, चांगला प्रश्न आहे. सगळी ताकद पुढून ओढली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचं वजन अधिक चढाचा ओढा येतो. कपलिंगलाही मर्यादा असते. मागून ढकललं की तो ताण वाटला जातो. शिवाय चढावर कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे खाली पळू नयेत म्हणून मागे कुणीतरी हवंच.

पुढचा आणि मागचा लोको पायलट एकमेकांना दिसत नाहीत. पूर्वी सगळा कारभार भोंग्यावर चालायचा, आता वॉकीटॉकी आहे. तरी गाडी हलण्याआधी पुढून भोंगा आणि मागून त्याला उत्तर, हे कर्जतला फलाटावर उभं राहून ऐकाच. फोटोत येत नाही म्हणून व्हिडिओ काढा.

उतरणाऱ्या गाडीची काळजी वेगळी. घाटात कॅच साइडिंग आहेत. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटली तर ती चढाच्या आंधळ्या फाट्यावर वळवायची, म्हणजे तिथे तिचा वेग मरतो. ही साइडिंग गाडीच्या खिडकीतून ओळखता येते: शेजारचा रूळ अचानक डोंगराकडे वर चढतो आणि संपतो. दीड अंशाचा उतार आणि त्याच्या उलटा चढ एकाच फ्रेममध्ये! रुळावरचीताई, तुमच्या 'चढ दाखवा' मोहिमेला याहून चांगला विषय नाही.

बारावा_डबा

लेख आवडला, पण एका बाबतीत असहमत. माणूस घाटात उभा राहतो तो डेक्कन क्वीनसाठी. १ जून १९३० पासून धावणारी गाडी आहे, तिचा चेहराच हवा. तिच्या शेपटाचा फोटो घेऊन काय करू? बँकर रोज तेच, गाडी मात्र राणी.

रुळावरची

@बारावा_डबा, राणीबद्दल वाद नाही. पण तिचा घाटातला चांगला फोटो इतका दुर्मिळ का, याचा कधी विचार केलात? पुण्याहून सव्वासातला निघते, म्हणजे घाट उतरते तेव्हा सकाळ. आपला कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य त्याच्या मागे. गाडी सावलीत आणि आकाश पांढरंफटक. मुंबईहून निघते संध्याकाळी ५:१० ला. घाटात शिरेपर्यंत पावणेसात वाजून जातात. थंडीत तोवर मिट्ट काळोख. चढत्या डेक्कन क्वीनला घाटात उजेड मिळतो तो फक्त उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यांत, आणि तेव्हा हवेत धुरकट असतं.

म्हणून हट्टच असेल तर मे अखेर ते पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस पकडा. वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर हवा धुतलेली असते आणि ढगांखालून तिरपं ऊन येतं. तिच्या वाढदिवसाच्या सुमाराचीच ही वेळ, हा योगायोग तुमच्या बाजूचा.

नाहीतर सोलापूर वंदे भारत बघा. मुंबईहून दुपारी चारनंतर निघते, उजेडात घाट चढते.

बारावा_डबा

उजेडाचं पटलं. वंदे भारतचं नाही. घाटात ती गाडी मला परकी वाटते, बँकरसुद्धा लागत नाही तिला.

खेकडा

लागत नाही, कारण तिची मोटर एका इंजिनात नसून एकाआड एक डब्यांखाली वाटलेली आहे. १० फेब्रुवारी २०२३ ला सोलापूर आणि शिर्डीच्या दोन्ही गाड्या एकाच दिवशी सुरू झाल्या, म्हणजे बोरघाट आणि कसारा या दोन्ही घाटांत बँकरविना चढणारी गाडी एकदमच आली. त्याआधी २०१९ मध्ये नाशिकमार्गे जाणाऱ्या राजधानीला दोन्ही टोकांना इंजिन लावून कसाऱ्याचा बँकर वाचवला होता.

परकेपणाचं म्हणाल, तर वाफेच्या इंजिनांवर वाढलेल्या लोकांना विजेचं इंजिनही परकंच वाटलं असणार. घाट १८६३ मध्ये सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ते बंद केलं आणि त्याच सुमारास घाटात वीज आली. विजेबरोबर आली ती मगरीसारख्या लांब नाकाची मालगाडीची इंजिनं, डब्ल्यूसीजी-१. आपल्याकडे त्यांना 'खेकडा' म्हणत. माझं इथलं नाव तिथूनच. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' नावाचा खेकडा उभा आहे, तिकडे गेलात तर नमस्कार सांगा.

वाघीण_५८

अखेर कुणीतरी मालगाडी हा शब्द काढला! तेवढ्यासाठी सहा प्रतिसाद थांबलो.

लोकहो, घाट बांधला तो मालासाठी. देशावरचा कापूस मुंबई बंदरात उतरवायचा होता. आणि आजही घाटाचा कस दाखवते ती मालगाडीच. प्रवासी गाडी चढ चढते, मालगाडी चढाशी झुंजते. हळू येते, त्यामुळे तुम्हाला फ्रेम लावायला वेळ देते. एका गाडीचे समोरून, बाजूने आणि मागून असे तीन वेगळे फोटो एकाच जागेवरून निघतात. डेक्कन क्वीन हा लाभ देते का सांगा.

रेकप्रमाणे, म्हणजे मालडब्यांच्या (वाघिणींच्या) जोडणीप्रमाणे, फोटो बदलतो. कंटेनर असतील तर रंग मिळतात, लाल-निळे-हिरवे ठोकळे, त्यामुळे ढगाळ दिवसासाठी उत्तम. तेलाच्या टाक्या गोल, त्यांच्या पाठीवर उजेड एका रेषेत धावतो, तिरप्या उन्हात त्याच घ्या. उघड्या बॉक्सएन वाघिणींचा ५८-५९ चा रेक सगळा एकाच मातकट रंगाचा, तो लांबून घ्यायचा, वळणावर, लांबीसाठी. बंद वाघिणींचं मला आजवर काही जमलेलं नाही, कुणाकडे युक्ती असेल तर सांगा.

आणि उतरणारी भरलेली मालगाडी नक्की बघा. सगळं वजन मागून लोटत असतं आणि गाडी ते धरून धरून खाली आणते. जवळून जाते तेव्हा ब्रेक ब्लॉकचा जळका वास येतो. नवी थ्री-फेज इंजिनं उतरताना वीज तयार करून वायरीत परत सोडतात, म्हणजे एका गाडीचं उतरणं दुसरीच्या चढण्याला हातभार लावतं. हे फोटोत कसं दाखवायचं ते मात्र विचारू नका. उतरणारी आणि चढणारी एकाच फ्रेममध्ये मिळाली तर कॅप्शनमध्ये लिहून मोकळे व्हा.

प्लॅटफॉर्म_तिकीट

वाघीणदादा 🙏 मग मालगाडी कधी येणार हे कळतं कसं? ॲपमध्ये तर दिसत नाही.

दस्तुरी_नाका

वेळेचं नंतर, आधी जागेचं बोलू. कारण वरच्या प्रतिसादांत 'जवळून जाते तेव्हा वास येतो' वगैरे वाचून चार पोरं रुळात उतरतील.

रुळावर किंवा रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं हा रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंड सोडा, मला भीती वेगळीच आहे. घाटात तीन मार्ग आहेत. चढणाऱ्या गाडीचा आणि तिच्या बँकरचा आवाज एवढा असतो, की मागच्या रुळावर उतरणारी गाडी ऐकूच येत नाही. उतरणारी गाडी जवळजवळ मुकी असते. बोगद्यात आणि कटिंगमध्ये बाजूला व्हायला जागाही नसते. वर २५ हजार व्होल्ट. ओल्या छत्रीने किंवा सेल्फी स्टिकने त्याच्या आसपास हात वर करायचा नाही, स्पर्श व्हावाच लागतो असं नाही.

त्यामुळे मंकी हिल, ठाकूरवाडी, नागनाथ या नावांचा मोह आवरा. तिथे प्रवाशांसाठी थांबा नाही. फलाट तिकीट किंवा प्रवासाचं तिकीट काढून कर्जत, पळसदरी, खंडाळा, लोणावळा एवढी स्टेशनं पुरतात. पळसदरीला खोपोली लोकलने उतरता येतं आणि घाटाची सुरुवात तिथून दिसते. बाकी सगळं लांबून: खंडाळ्याचा राजमाची पॉइंट, नागफणीचा माथा, जुन्या रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागा. जुन्या रस्त्याने गेलात तर शिंग्रोबाला नाणं टाकून पुढे जा. घाटाची वाट त्या धनगराने दाखवली अशी कथा आहे, आपल्या लोकांचा मान पहिला.

ड्रोनबद्दल कुणी विचारायच्या आत: नको.

रुळावरची

दस्तुरी नाक्याशी शंभर टक्के सहमत. एक भर घालते. लांबून काढलेल्या फोटोतच चढ जास्त दिसतो. रुळाजवळ उभं राहिलं की इंजिनाचा चेहरा फ्रेम भरतो आणि डोंगर गायब होतो. समोरच्या कड्यावरून अख्खी गाडी आडवी घेतली, तर पहिला डबा आणि शेवटचा डबा यांतला फरक नजरेत भरतो. तेव्हा नियम पाळण्यात फोटोचं नुकसान नाही, फायदा आहे.

बारावा_डबा

मग नेमक्या जागांचे लोकेशन टाका की. नकाशावर पिन द्या, सगळ्यांचं भलं होईल.

दस्तुरी_नाका

नाही देणार, माफ करा. पिन टाकली की पुढच्या रविवारी तिथे पन्नास माणसं. शेताचा बांध तुटतो, प्लास्टिक पडतं, मग गावकरी वाट बंद करतात आणि त्यांचं काही चुकत नाही. दूधसागरचं बघितलंत ना? जुलै २०२३ मध्ये लोक रुळावरून चालत निघाले म्हणून पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. गावात जा, चार शब्द बोला, विचारून वाट काढा. तेवढं करणाऱ्याला जागा आपोआप मिळते.

बारावा_डबा

सार्वजनिक रस्त्याच्या कडेची जागा लपवण्यात काय अर्थ? मला हे जुन्या मंडळींचं 'आम्हालाच माहीत' प्रकरण वाटतं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

वाघीण_५८

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. रस्त्यालगतच्या, स्टेशनच्या, नावाजलेल्या पॉइंटच्या जागा खुशाल सांगाव्यात. कुणाच्या शेतातून किंवा कड्याच्या टोकावरून जावं लागतं त्या सांगू नयेत. मी असंच करतो. चला, पुढे.

कसारावासी

सगळे बोरघाट बोरघाट करतायत म्हणून आमच्या बाजूने बोलतो. कसारा-इगतपुरीचा थळ घाटही १ : ३७ चाच आहे, १८६५ पासून चालू आहे, आणि गर्दी त्या मानाने कमी. बँकर कसाऱ्याला लागतात, इगतपुरीला सुटतात. एहेगावचा पूल पाहिला नसेल तर तुमचा अल्बम अपुरा. दरीतून वर येणारे उंच खांब आणि वर बारीक दिसणारी गाडी. इथे मात्र रुळावरचीताईंचा नियम उलटा होतो, चढ विसरा, उंची घ्या. उभी फ्रेम, गाडी वरच्या चौथ्या भागात, खाली सगळे खांब. डबे ओळखू आले नाहीत तरी बिघडत नाही.

ऑक्टोबर सर्वांत चांगला. हिरवळ टिकून असते, हवा स्वच्छ, गवत पिवळं पडायला नुकती सुरुवात. फेब्रुवारी-मार्चला डोंगर उघडे पडतात, पण तेव्हा पळस आणि सावर फुलते. तपकिरी कडा, एक केशरी झाड आणि मालगाडी. पावसाळ्यावाल्यांना हे दिसतच नाही.

प्लॅटफॉर्म_तिकीट

सगळं वहीत लिहून घेतोय. पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळता? आणि शटर किती ठेवू?

रुळावरची

शटर: घाटात गाड्या फार वेगात नसतात. बाजूने घेताना १/५०० पुरतं, लांब लेन्स असेल तर १/८०० करा. मालगाडीला १/२५० सुद्धा चालतं. गाडीबरोबर कॅमेरा फिरवून मागचं झाड पुसायचं असेल तर १/४० च्या आसपास. एकच अडचण, गंतव्याची एलईडी पाटी वेगवान शटरला अर्धवट उमटते. पाटी हवीच असेल तर गाडी थांबलेली असताना घ्या.

धुक्यात ऑटोफोकस भरकटतो. गाडी जिथे येणार तिथल्या खांबावर आधीच फोकस करून मॅन्युअलवर टाका. बोगद्याच्या तोंडाशी हेडलाइट सगळं मोजमाप बिघडवतो, कॅमेरा घाबरून फोटो काळा करतो. एक्स्पोजर आधीच बाहेरच्या झाडांवर मोजून कुलूप लावून ठेवा. आणि बटण दाबताना पॅन्टोग्राफकडे (इंजिनाच्या छतावरची, वायरीतून वीज घेणारी चौकट) नजर असू द्या. त्याच्यामागे बरोबर खांब आला तर इंजिनाच्या डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसतो. अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे.

पाऊस: लेन्सला हूड हवाच, पुसायला दोन-तीन सुती फडकी वेगळ्या पिशवीत. गार एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढू नका, काच आतून-बाहेरून धुरकटते, पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्या. घरी आल्यावर कोरडा करून सिलिका जेलबरोबर बंद डब्यात. कोकण-घाटाच्या दमटपणात लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो.

किनारपट्टी

विषय थोडा सोडून. मालगाडीप्रेमींनी कोकण रेल्वेची रो-रो घेतली आहे का? सपाट वाघिणींवर ओळीने उभे मालट्रक, १९९९ पासून चालू आहे. चढ १ : १५० च, म्हणून इथल्या लोकांना बाळबोध वाटेल. पण रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे. त्यावरून ट्रकांची रांग हवेत जाताना दिसते, तेव्हा आपण नक्की काय बघतोय हे कळायला क्षणभर लागतो.

वाघीण_५८

@किनारपट्टी, रो-रोसाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

@प्लॅटफॉर्म_तिकीट, तुमचा प्रश्न राहिलाच होता. प्रवासी गाड्या रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर दिसतात, मालगाड्यांचं वेळापत्रक आपल्यासाठी नाही. पण घाटच सांगतो. बँकर मोजके असतात आणि सारखे वरखाली करतात. लोणावळ्याला गाडी सोडून दोन-तीन इंजिनं एकमेकांना जोडून रिकामीच खाली गेली, की ती कर्जतला पुढच्या गाडीला लागायला चालली आहेत असं समजा. मग ॲपमध्ये बघा. नजीकच्या वेळात चढणारी प्रवासी गाडी नसेल, तर बहुतेक मालगाडी.

एक लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ होईल. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप'. म्हणजे घाटात डाऊन गाडी वर चढते आणि अप गाडी खाली उतरते. स्टेशनवर 'डाऊन मालगाडी'ची घोषणा ऐकली, तर बँकर त्याच गाडीला असणार. फलाटाचं मुंबईकडचं टोक पकडा, शेपूट तिथे थांबेल.

प्लॅटफॉर्म_तिकीट

या रविवारी कर्जत आणि पळसदरी. वडा खाऊन मुंबईकडच्या टोकाला उभा राहतो. लेव्हलची रेघ चालू केली आहे. फोटो इथेच टाकीन, चिरफाड करा.

बारावा_डबा

मीही येतो. इंजिनाचा चेहरा मी घेईन, शेपूट तू घे.